चाबूक मोजायचा की जोडी बाद करायची? पटातल्या फटक्याचा आणि दंडाचा हिशोब

प्रश्न असा आला आहे: गावच्या पट (शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत) समितीने तुतारी (बैलाला टोचायची काठी) आणि कोरड्यावर (चाबकावर) बंदी घातली आणि मोडणाऱ्या धुरकऱ्याला (जोडी हाकणाऱ्याला) हजार रुपये दंड ठेवला. आता धुरकरी हजार रुपये खिशात घेऊनच येतात. फटका मारतात, दंड भरतात, इनाम घेऊन जातात. घोड्यांच्या रेसमध्ये जॉकीला मोजून फटके मारायची मुभा असते असं ऐकलं, तर पटातही ‘दोन फटक्यांपर्यंत माफ’ असा नियम करावा का? आणि दंड किती ठेवावा?

दोन फटके माफ करता येणार नाहीत, कारण ते समितीच्या हातातच नाही. राज्याने 2017 मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या व्याख्येत बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट अशी तिन्ही नावं आहेत, त्यामुळे ‘आमचा पट वेगळा’ म्हणायला जागा उरत नाही. त्याच वर्षीच्या नियमांत काठी, चाबूक, झटक्याचं यंत्र असं काहीही धुरकऱ्याने वापरणं तर सोडाच, जवळ ठेवणंही बसत नाही. शेपटी पिरगाळणं, शेपटीला चावणं, लाथ घालणं हेही त्यातच आलं. इजा केली तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. मूळ 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड होता, यावरून फरक लक्षात यावा.

एक गोष्ट बऱ्याच जुन्या पटकऱ्यांनाही माहीत नसते. आर (लोखंडी टोचणी) लावलेली तुतारी पटावरच्या बंदीच्या कितीतरी आधीपासून बेकायदा आहे, आणि तीही वखराला, बंडीला, सगळीकडेच. ओझ्याच्या जनावरांसाठीचे 1965 चे केंद्राचे नियम आहेत. त्यांत टोकदार काठी, काटे किंवा गाठी असलेलं जू, इजा करणारं कोणतंही साहित्य वापरायला मनाई आहे. त्याच नियमांत पारा 37 अंशांच्या वर गेला की दुपारी 12 ते 3 जनावर जुंपू नये असंही म्हटलं आहे. वऱ्हाडात फेब्रुवारीच्या शेवटापासून ही अट लागू पडायला लागते. पट लांबवत गुढीपाडव्यापर्यंत नेणाऱ्या समित्यांनी दुपारची वेळ मोकळी ठेवावी.

आपल्याला पट भरवायची ही परवानगी किती अवघड वाटेने मिळाली तेही पाहा. 2011 मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने बैल हा प्रदर्शनात न वापरायच्या प्राण्यांच्या यादीत गेला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही थांबवल्या. 16 डिसेंबर 2021 ला राज्याच्या नियमांच्या अधीन राहून त्या पुन्हा सुरू झाल्या आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती कायम ठेवली. नव्या नियमांमुळे जनावराचा त्रास कमी होतो, या आधारावर ती टिकली आहे. म्हणजे एखाद्या गावच्या दाणीवरचा (जोड्या पळायच्या पट्ट्यावरचा) शेपटी चावतानाचा व्हिडिओ हा त्या गावापुरता मामला राहत नाही.

आता घोड्यांकडे येऊ. तिथे फटके मोजतात हे खरं, पण ते मोजणं कशातून आलं आणि त्यातून काय झालं हे नीट समजून घेतलं तर आपल्याला दंड कसा ठेवायचा ते कळतं.

रेसचा चाबूक म्हणजे आपला कोरडा नव्हे. ब्रिटनमध्ये सपाट रेससाठी त्याची लांबी जास्तीत जास्त 70 सेंटिमीटर, उड्यांच्या रेससाठी 68. टोकाला गादी असते, त्यामुळे आवाज मोठा आणि मार विखुरलेला. मारायचा तो पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर. पोटावर, तोंडावर, कानाजवळ मारला तर लगेच कारवाई. हात खांद्याच्या वर गेला तरी दोष. सपाट रेसला 6 आणि उड्यांच्या रेसला 7 फटके ही मर्यादा 2023 पासून लागू आहे. आधी ती 7 आणि 8 होती. फ्रान्सने त्याच वर्षी 5 वरून 4 वर आणली. अमेरिकेत 2022 पासून राष्ट्रीय पातळीवर 6, आणि सलग दोनपेक्षा जास्त नाहीत: दोन मारले की घोड्याला निदान दोन ढांगा प्रतिसादाला द्यायच्या. ऑस्ट्रेलियात शेवटच्या 100 मीटरच्या आधी 5, पुढे जॉकीच्या मर्जीवर. नॉर्वेने 1982 सालीच घोडा पळवण्यासाठी चाबूक मारणं बंद केलं आणि तिथे रेस अजून होतात.

मोजणी ठेवली की पहिला वाद उभा राहतो तो ‘फटका कशाला म्हणायचं’ हा. ब्रिटनमध्ये दोन्ही हात लगामावर ठेवून घोड्याच्या खांद्यावर चाबूक टेकवला तर तो मोजत नाहीत. नुसता दाखवला तरी मोजत नाहीत. घोडा आडवा चालला म्हणून सुरक्षेसाठी मारला तर त्याचा विचार वेगळा. मग प्रत्येक रेसनंतर बाजूचं आणि समोरचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. 2024 च्या ऑक्टोबरात सेसरविच नावाच्या मोठ्या रेसमध्ये आल्फोन्स ल ग्रांद नावाचा घोडा नाकभर अंतराने जिंकला. जॉकीचे 10 फटके भरले, मर्यादेपेक्षा 4 जास्त, म्हणून घोडा बाद झाला आणि दुसरा पहिला ठरला. अपिलात एक फटका मोजणीतून वगळला गेला आणि पहिला घोडा पुन्हा पहिला! एका फटक्याच्या व्याख्येवर निकाल दोनदा फिरला. त्यांच्याकडे पगारी स्टुअर्ड (रेसचे पंच) आहेत, वकील आहेत, कायमचे कॅमेरे आहेत. आपल्याकडे मांडवात तीन पंच आणि भोवती हजारभर माणसं. ‘दोन माफ’ हा नियम कायद्यात बसला असता तरी गावात चालला नसता.

दुसरा वाद दंडाचा, आणि तुमच्या हजार रुपयांचं उत्तर त्यातच आहे. ब्रिटनमध्ये फार वर्षं शिक्षा फक्त जॉकीला होती: अमुक दिवस बंदी. रेस मात्र घोड्याची जिंकलेलीच राहायची, इनामातला मोठा वाटा मालकाला मिळायचा. मोठ्या रेसमध्ये जॉकी चार दिवस घरी बसायला तयार असायचा. पुढच्या वेळी तोच मालक त्यालाच बोलावणार हे त्याला ठाऊक असायचं. 2011 च्या ऑक्टोबरात नियम एकदम कडक केले. त्याच आठवड्यात क्रिस्तोफ सुमियों या जॉकीने चॅम्पियन स्टेक्स ही रेस जिंकली, शेवटच्या फर्लांगात (सुमारे 200 मीटर) 5 ऐवजी 6 फटके मारले, आणि पाच दिवसांच्या बंदीसोबत त्याचा 50 हजार पौंडांच्या वरचा वाटा गेला. घोड्याचा निकाल आणि मालकाचं इनाम मात्र तसंच. इतका आरडाओरडा झाला की काही दिवसांत फर्लांगाची ती अट मागे घ्यावी लागली. एका फटक्यासाठी गरीब बिचाऱ्या स्वाराला एवढा दंड आणि ज्याच्यासाठी मारला त्याला काहीच नाही, हे कोणाच्याच गळी उतरलं नाही.

त्यातून शिकून 2023 मध्ये ब्रिटनने आणखी एक पायरी जोडली: मर्यादेपेक्षा 4 किंवा अधिक फटके झाले की घोडाच बाद. शिवाय मोठ्या रेसमध्ये बंदीचे दिवस दुप्पट, कारण मोह तिथेच मोठा. अमेरिकेत दंड ठरावीक रकमेचा किंवा जॉकीच्या वाट्याच्या टक्क्यांत, जो जास्त असेल तो: 3 पर्यंत जास्त फटके असतील तर 250 डॉलर किंवा वाट्याचे 10 टक्के आणि निदान एक दिवस बंदी, 4 ते 9 जास्त असतील तर 500 डॉलर किंवा 20 टक्के, तीन दिवस बंदी, आणि घोड्याचं इनामही रद्द. टक्केवारी ठेवली की रेस जेवढी मोठी तेवढा दंड आपोआप मोठा होतो.

पहिलं इनाम 51 हजारांचं आणि दंड हजाराचा असेल तर तो दंड नाहीच, ते फटक्याचं तिकीट झालं. पाच हजार केलात तरी मालक भरेल. धुरकरी बहुतेक वेळा रोजाने किंवा ठरवून आणलेला असतो, दंड त्याच्या खिशातून जातच नाही. म्हणून रुपयांतला दंड काढून टाका. एकच शिक्षा ठेवा: जोडी बाद, वेळ रद्द, प्रवेश फी जप्त. निकाल गेला तरच मालक धुरकऱ्याला स्वतःहून सांगतो, ‘हात आवर.’

काही समित्या ‘फटक्यामागे अर्धा सेकंद वाढवू’ म्हणतात. तो नादही नको. घड्याळावर निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागाने लागतो. अर्धा सेकंद म्हणजे तसंही बादच. पण भांडण मात्र ‘एक फटका की दोन’ यावर होतं आणि तुम्ही पुन्हा मोजणीत अडकता.

जोडी बाद करण्यातही एक खरी अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. शिक्षा जबर असली की पंच ती द्यायला कचरतो. समोर गावचा मोठा कास्तकार, त्याची लाखाची जोडी, पंच त्याच्या शेजारच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा). मग ‘दिसलं नाही’ हे सोपं उत्तर. यावर इलाज: तीन पंच, तिघेही दुसऱ्या तालुक्यातले आणि त्या दिवशी ज्यांची किंवा ज्यांच्या सोयऱ्यांची जोडी पळत नाही असे. तिघांपैकी दोघांचं मत पडलं की निर्णय. कोणाचं मत काय होतं ते पुकारायचं नाही, वहीत लिहायचं. आणि चित्रीकरण पाहिल्याशिवाय बाद नाही, पाहिल्यावर चर्चा नाही.

फटका कुठे पडतो हे कळलं की कॅमेरा कुठे ठेवायचा ते कळतं. घोड्यांत बहुतेक चाबूक शेवटच्या 400 मीटरमध्ये चालतो. पटात मात्र सगळ्यात जास्त गडबड सुटायच्या जागी होते. जोडी धरणारे चार-पाच जण, मागे मालकाची माणसं, झेंडी पडली की कोणीतरी मागून पुठ्ठ्यावर काठी किंवा चप्पल हाणतो आणि गर्दीत मिसळतो. धुरकऱ्याचे हात कोरे असतात. ‘मी कुठं मारलं?’ म्हणतो, आणि ते खरंही असतं. म्हणून अर्जावरच लिहून घ्या की जोडीजवळच्या कोणत्याही माणसाने केलेली आगळीक ही जोडीची आगळीक. सुटायच्या रेषेपासून मागे 15 पावलं दोर बांधा. आत धुरकरी आणि नाव नोंदवलेले दोन धरणारे, बस्स. धरणाऱ्यांना रंगीत पट्टा द्या, म्हणजे चित्रीकरणात ओळख पटते. बाकी घोळका किती ओरडतो ते ओरडू द्या. तोंडाने हाळी द्यायला कोणाची मनाई नाही.

कॅमेऱ्यासाठी मोठा खर्च नको. तिपाईवर पक्के बसवलेले चार चांगले फोन पुरतात, सेकंदाला 60 चित्रं घेणारे. एक सुटायच्या जागी मागून थोडा तिरपा, कारण शेपटी आणि मागचे हात तिथून दिसतात. एक दाणीच्या मध्यावर बाजूने. एक शेवटी समोरून, धुरकऱ्याचे दोन्ही हात दिसतील असा. चौथा थांबायच्या जागी. फोनला चार्जिंगची वायर लावूनच बसवा आणि दर दहा जोड्यांनंतर चित्रीकरण लॅपटॉपवर उतरवा. नेमका वाद झाला तेव्हा फोनची जागा भरलेली निघते, हा नेहमीचा घोळ आहे. जोडी सुटण्याआधी पाटीवर जोडीचा नंबर लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरायची. नाहीतर संध्याकाळी चाळीस पांढऱ्या जोड्यांत कोणती कुठली हे मालकालाही सांगता येत नाही.

धूळ हा दुसरा शत्रू. काळी माती माघात सुकली की जोडीमागे ढग उठतो आणि मागच्या कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही. पाणी आदल्या दिवशी संध्याकाळी मारा. सकाळी मारलं तर वरचा थर चिकट राहतो, खूर घसरतो आणि जोडी गुडघ्यावर येते.

रेषेवर येण्याआधीची झडती मन लावून घ्या. आर हल्ली काठीला नसते. बोटातल्या अंगठीला आतून टोचणारा तुकडा, मनगटाच्या पट्ट्यात खिळा, बाहीत सुया, छकड्याच्या दांडीला आतल्या बाजूने ठोकलेली चूक (छोटा खिळा), जुवाच्या खालच्या अंगाला बारीक खिळे, ही सगळी तपासायची ठिकाणं आहेत. जुवाखालून आणि शिवळांवरून (जुवाच्या मानेजवळच्या खुंट्यांवरून) बोट नाही, कापडाचा बोळा फिरवा; काही असेल तर धागा अडकतो. बॅटरीचा झटका देणारं यंत्र टॉर्चसारखं दिसतं आणि त्याची खूण बैलाच्या कातडीवर बहुधा उरत नाही, म्हणून ते पळण्याआधीच सापडायला हवं. धुरकऱ्याचे खिसे रिकामे, अंगठी-कडं काढलेलं, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी किंवा साधी चप्पल.

इथे एक सवलत मात्र ठेवा. साधी काठी किंवा कोरडा घेऊन कोणी झडतीपर्यंत आला आणि तिथे काढून दिला, तर वस्तू ठेवून घ्या आणि जोडी पळू द्या. तिथेच बाद केलंत तर पुढच्या वेळी तो लपवून आणेल. आर, खिळा किंवा बॅटरी सापडली तर सवलत नाही: जोडी बाद, वस्तू आणि नाव बंदोबस्तावरच्या पोलिसांकडे.

कासऱ्याची शेपटी ही पटातली खांद्यावरच्या चाबकासारखी पळवाट. हातात धरल्यानंतर कासऱ्याचा हातभर तुकडा लोंबत ठेवायचा आणि तोच सपासप पाठीवर मारायचा. वर म्हणायचं, ‘कासराच तर हलवला.’ मुठीच्या मागे वीतभरापेक्षा जास्त कासरा लोंबायला नको, हे झडतीत मोजून उरलेला गुंडाळून बांधायला लावा. नियमात ‘कासऱ्याचा फटका हा फटकाच’ एवढं एक वाक्य घाला.

पळून आल्यावर जोडी थेट गाडीत चढवू देऊ नका. थांबायच्या जागेपुढे सावलीत तपासणीची जागा करा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना तिथेच बसवा, स्टेजवर नको. शेपटी मुळापासून हाताने चाचपायची. बैलाच्या शेपटीत अठरा-वीस मणके असतात. पिरगाळल्याने बहुतेक वेळा मुळाजवळचा सांधा दुखावतो, तिथे हात लावला की बैल कंबर खाली घालतो आणि शेपटी एका बाजूला कलते. चावलेल्या जागी केस ओले आणि चपटे असतात, कधी दातांची अर्धगोल खूण. पुठ्ठ्यावरचा ताजा वळ केसांतून दिसत नाही; केसांच्या उलट दिशेने हात फिरवला की उंचवटा लागतो. हीच तपासणी पळण्याआधीही झालेली आणि लिहिलेली हवी. नाहीतर मालक म्हणतो, ‘वळ तर मागच्या पटातला आहे.’ आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

बैलाचं नेहमीचं तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असतं. पळाल्यावर ते वाढणारच. पण नियमातली 20 मिनिटांची विश्रांती झाल्यावरही 40 च्या वर असेल, तोंड उघडं आणि जीभ बाहेर असेल, तर पुढची फेरी नाही. दिवसात तीनपेक्षा जास्त फेऱ्या एका बैलाला नाहीतच. दाण 1000 मीटरच्या आत हवी, हे तर ठाऊक असेलच. आपले पट बहुधा त्याच्या बरेच आत असतात.

आता ज्या मुद्द्यावर सगळे हटून बसतात तो: ‘फटक्याशिवाय बैल पळतच नाही.’ घोड्यांवर याची मोजणी झाली आहे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की घोडे सर्वांत वेगात होते ते शेवटच्या 600 ते 400 मीटरच्या टप्प्यात, चाबूक जोरात सुरू व्हायच्या आधी. पुढे फटके वाढत गेले आणि वेग उतरत गेला, कारण घोडा दमला होता. 2020 च्या अभ्यासात ब्रिटनमधल्या 126 रेस तपासल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक रेसमध्ये शिकाऊ जॉकींना चाबूक मारायलाच परवानगी नव्हती. वेळेत फरक पडला नाही, आडवं पळण्याच्या घटनाही वाढल्या नाहीत. त्याच वर्षी कातडीचा अभ्यास झाला, आणि घोड्याच्या वरच्या कातडीची जाडी आणि वेदनेच्या नसा माणसाच्या कातडीपेक्षा फार वेगळ्या नाहीत असं दिसलं. ‘ढोराचं कातडं जाड असते’ हे आपण सहज म्हणून जातो. जाड असतो तो खालचा थर, वेदना कळते ती वरच्या थरात.

हे घोड्यांचं आहे आणि बैल घोडा नव्हे, हे मान्य. पण पडताळा घरच्या घरी घेता येतो. दाणीच्या मध्यावर दुसरं घड्याळ लावा आणि प्रत्येक जोडीची अर्ध्यापर्यंतची आणि पुढची अशा दोन वेळा लिहा. जोडीची पुढच्या अर्ध्यातली वेळ कशाने घसरते ते तुम्हालाच दिसेल: एक बैल दुसऱ्यापेक्षा ढांग आखूड टाकतो, जू एका बाजूला उतरतं, छकडा तिरपा ओढला जातो. उंचीत चार बोटांचा फरक असलेल्या जोडीला कितीही हाणलं तरी ती सरळ जात नाही. वंगण नसलेला आस, ढिला बेअरिंग, नाल झिजलेला खूर, मानेवर कच्चा घट्टा, यांपैकी एकेक गोष्ट जेवढी वेळ खाते तेवढी कोणतीही तुतारी भरून देत नाही. वर्ध्याकडचा गवळाऊ मुळातच हलक्या अंगाचा, लांब ढांगेचा. त्याला हाकलावं लागत नाही, धरून ठेवावं लागतं. पश्चिमेकडून आणलेला खिल्लार तापट, तो मार खाल्ला की सरळ पळायचं सोडून बाजूला ओढतो आणि दाणीबाहेर जातो. मारल्याने अपघात टळतात हा जॉकींचा जुना दावा निदान आपल्या पटात तरी उलटाच आहे.

गोऱ्हा शिकवतानाच हाळीवर पळायला लावायचा असतो. रोज एकच आवाज, एकच माणूस, थोडं अंतर, थांबल्यावर मूठभर ढेप (पेंड). शिकवताना टोचून पळवलेला बैल पटात टोचण्याची वाटच बघतो. तुतारी दिसली नाही की उभा. अशा जोड्यांचे मालकच ‘बंदीमुळे पट बसला’ म्हणतात. त्यांची जोडी खरंच मंदावते, पण ते शिकवणीचं फळ आहे.

निकालाचा क्रम असा ठेवा. शेवटची जोडी पळाल्यावर अर्धा तास हरकतींसाठी. हरकत लेखी, सोबत 500 रुपये, खरी ठरली तर परत. पंच चित्रीकरण बंद खोलीत पाहतील, दोन्ही मालकांना एकेकदा दाखवतील. इनाम वाटप त्यानंतरच. ब्रिटनमध्ये समिती रेसनंतर काही दिवसांनी बसते, तोवर जिंकलेल्याचा गुलाल उधळून झालेला असतो आणि मग बाद केलेलं कोणालाच पटत नाही. आपल्याकडे तर एकदा ढाल हातात गेली की ती परत आणायला कोण जाणार? पूर्व विदर्भात पटाच्या रात्री नाटक असतं, माणसं तशीही थांबलेली असतात. इनाम नाटकाआधी मांडवात द्या. बाद झालेल्या जोडीची जागा मागच्या जोडीला मिळते हे अर्जातच छापलेलं हवं. तसं नसेल तर दुसरा नंबर हरकत घ्यायलाच पुढे येत नाही.

दुसऱ्यांदा सापडला तर मालक आणि धुरकरी दोघांनाही त्या हंगामात बंदी, आणि नावं शेजारच्या समित्यांना कळवा. एका गावाने बंदी घातलेला धुरकरी चार दिवसांनी पलीकडच्या दाणीवर पळत असेल तर तुमची बंदी कागदावरच. चार-पाच गावच्या समित्यांनी मिळून एकच अर्ज, एकच नियम आणि एकच यादी ठेवली तर तळेगाव दशासरसारख्या मोठ्या पटाला जायच्या आधीच धुरकऱ्याच्या हाताला सवय लागते.

अर्जावरचा मजकूर मोजका ठेवा. एवढा पुरे: ‘धुरकरी, धरणारे किंवा जोडीसोबतचा कोणीही काठी, कोरडा, कासरा, हात, पाय किंवा इतर कशाने बैलाला मारणार, टोचणार, शेपटी पिरगाळणार किंवा चावणार नाही. असं झाल्यास जोडी बाद, वेळ रद्द, फी परत नाही, मागची जोडी पुढे. पंचांनी चित्रीकरण पाहून दिलेला निर्णय मान्य.’ खाली मालक आणि धुरकरी दोघांच्या सह्या, फक्त मालकाची नको. हा कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगीसाठी जोडायच्या कागदांतही लावा. तुमचे 50 हजार तिथे अनामत म्हणून अडकलेले असतात, आणि उद्या कोणी तक्रार केली तर समितीने आपल्या बाजूने काय केलं हे दाखवायला हाच कागद, झडतीची वही आणि चित्रीकरण, एवढंच हाताशी राहतं.